मुलांचा ऑनलाइन अभ्यास: पालकांनो, या चुका टाळा

मूल रोज तासभर अ‍ॅपवर अभ्यास करतं, धड्यांपुढे हिरव्या खुणा दिसतात, तरी चाचणीत अपूर्णांकांची साधी बेरीज चुकते. मग कुणी अ‍ॅपला नावं ठेवतं, कुणी मुलाला. बहुतेक वेळा गडबड वेगळीच असते: आपण नको तो आकडा बघत बसलेलो असतो.

फक्त वेळ मोजणं

‘आज किती मिनिटं?’ हा आकडा सगळ्यांत ठळक दिसतो आणि सगळ्यांत कमी सांगतो. खान अकॅडमी या ऑनलाइन अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये मुलाच्या खात्याला पालकाचं खातं जोडता येतं. तिथल्या अहवालात कोणता सराव केला, किती प्रश्नांपैकी किती बरोबर आले आणि किती वेळ लागला, हे ओळीने दिसतं. या गोष्टी एकत्र वाचा. सात प्रश्न दोन मिनिटांत उरकले आणि तीनच बरोबर आले, तर बहुधा अंदाजाने पर्याय दाबले गेलेत. सात प्रश्नांना वीस मिनिटं लागली आणि पाच बरोबर आले, तर मूल झगडलंय. त्याच्याजवळ जाऊन बसायची वेळ हीच.

तिथे हिंट घेतली की तो प्रश्न बरोबर धरला जात नाही. त्यामुळे गुण कमी दिसले म्हणून रागावू नका. रागावलात की मूल पुढच्या वेळी हिंट टाळतं आणि चुकीचंच उत्तर ठोकून देतं. हिंट नीट वाचून, समजून घेऊन तोच सराव पुन्हा करायचा असतो.

शेजारी बसून उत्तर सुचवणं

मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण ती मायेपोटी होते. मुलाला येतं तसं पुढचे प्रश्न बदलणारी बरीच अ‍ॅप्स आहेत. तुम्ही हळूच सांगितलेलं उत्तर अ‍ॅपच्या लेखी मुलाचंच. मग ते वरच्या पातळीचे प्रश्न द्यायला लागतं, मुलाला काहीच जमत नाही आणि ‘मला गणित येतच नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसतं. चुकू दे. ती चूक अ‍ॅपला आणि शिक्षकांना दिसणं गरजेचं आहे.

व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं

नाही समजलं, की पुन्हा व्हिडिओ लावायचा. समजल्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून व्हिडिओ संपला की स्क्रीन बंद करा आणि विचारा, ‘आता मला सांग, छेद सारखे का करायचे?’ अडखळत सांगू दे. अडलं तर तेवढाच भाग पुन्हा लावा.

गृहपाठ केला, तरी ‘मिसिंग’

बऱ्याच शाळा गृहपाठ देतात-घेतात त्या गूगल क्लासरूम अ‍ॅपमध्ये हे फार होतं: काम केलेलं असतं, तरी ‘मिसिंग’ म्हणजे जमा न झालेलं दिसतं. वहीचा फोटो काढून जोडला की काम झालं, असं मुलांना वाटतं. पण ‘टर्न इन’ दाबल्याशिवाय तो जमा होत नाही. दुरुस्तीसाठी काम परत घेतलं, तर पुन्हा टर्न इन करावं लागतं, तेही मुदतीच्या आत, नाहीतर ‘लेट’ अशी नोंद होते. कामावर ‘टर्न्ड इन’ लिहून आलेलं दिसल्याशिवाय मुलाने फोन ठेवू नये, एवढी सवय लावा.

वर्गच दिसत नसेल, तर आधी कोपऱ्यातल्या खात्याच्या चित्रावर टॅप करा. बहुतेकदा घरच्या मोबाइलवर शाळेच्या खात्याऐवजी पालकांचंच खातं उघडलेलं असतं.

मुलाच्या पासवर्डने शिरणं

लहान मुलांना लॉगिनसाठी मदत लागतेच. मोठ्या मुलांच्या खात्यात मात्र परस्पर डोकावलं, तर ती गोष्टी लपवायला शिकतात. क्लासरूममध्ये पालकांसाठी ईमेल सारांशाची सोय आहे: राहिलेलं काम, येऊ घातलेलं काम आणि वर्गातल्या घडामोडी, रोज किंवा आठवड्याला. शाळेने ही सोय सुरू केलेली असावी लागते आणि आलेलं निमंत्रण आपण स्वीकारावं लागतं. ते निमंत्रण बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून असतं.

शिक्षकांना कळवताना ‘त्याला गणित जड जातंय’ एवढंच लिहू नका. अहवाल बघून लिहा: ‘छेद सारखे असले की बेरीज बरोबर येते, वेगळे असले की तो अंश आणि छेद दोन्हींची बेरीज करतो.’ शिक्षकांना मग कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं.