भाचीचे फोटो हलायचे थांबले, ते असे

माझी भाची चार वर्षांची, क्षणभर एका जागी टिकत नाही. नव्या कॅमेऱ्याने पहिला महिनाभर तिचे जे फोटो काढले, त्यात मागचं कॅलेंडर स्वच्छ आणि तिचा चेहरा पुसट. मला वाटायचं, लेन्सच खराब आहे.

मग एका फोटोची माहिती उघडून पाहिली. शटर १/३० सेकंद उघडं! घरात उजेड कमी, म्हणून ऑटो मोड शटर जास्त वेळ उघडं ठेवत होता आणि तेवढ्यात पोर मान वळवत होतं. आता मॅन्युअलवर शटर १/२५० ठेवतो, पळापळ असेल तर १/५००. अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/२.८ इतकं मोठं; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ऑटो. आयएसओ वाढला की फोटोत थोडे दाणे येतात, येऊ देत. हललेल्या चेहऱ्यापेक्षा ते कधीही बरे. फोकसचा एकच बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर धरतो, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे ती हलली तरी तो तिच्या मागे जातो.

उजेडासाठी ट्यूबलाइट बंद करून सकाळी तिला खिडकीशी बसवतो. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली की गालावरची सावली हलकी होते. फ्लॅश नाहीच.

मी स्वतः जमिनीवर बसतो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. हे सगळ्यात मोलाचं. ‘हस बघू’ म्हणणंही सोडलं. त्यावर ती नुसते दात दाखवायची. परवा भातुकली मांडून दिली. तिने रिकाम्या कपात चहा ओतला आणि ‘मामा, गरम आहे हं’ म्हणत वर पाहिलं. तो फोटो आईने देवघराशेजारी लावलाय.