जुना ट्रक घेताय? आधी चॅसी घासा

कर्नाटकातल्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात जुना अवजड ट्रक घेताना नंबरप्लेटवर विसंबू नका. कोल्हापूरचा एमएच ०९ इकडे कायमचा आला की बेळगावचा केए २२ किंवा चिकोडीचा केए २३ होतो. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर मात्र तोच राहतो. म्हणून चॅसीच्या लांब पट्टीवरचं ग्रीस-गंज तारेच्या ब्रशनं काढा, अक्षरांवर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवून छाप घ्या. आकडे खरवडलेले किंवा वेडेवाकडे ठोकलेले वाटले तर व्यवहार तिथंच थांबवा.

छाप आरसी बुकाशी जुळली की उलटं मागं जायचं. फॉर्म २८ म्हणजे आधीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला); तिच्यावरून गाडी कुठून आली ते कळतं. तिथं अर्ज देऊन जुन्या मालकांची नोंद मागा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ही बघा.

१९७३ पूर्वीच्या कागदांवर राज्य ‘म्हैसूर’ दिसेल, दचकू नका; कर्नाटकचं तेव्हाचं नाव तेच. आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तारा? टाटांचा मर्सिडीजशी करार १९५४ ते १९६९चा, पण तारा हौसेनं कुणीही बसवतो, त्यावरून गाडीचं वय ठरवू नका. उसाच्या किंवा तंबाखूच्या भाड्यावर फिरलेली गाडी असेल तर जुन्या फिटरला चहा पाजा. मालकांची नावं त्याला तोंडपाठ असतात.