तलाव भरला म्हणून लगेच मासे सोडू नका: या चुका टाळा

दोन वर्षं तळाला भेगा पडलेला तलाव एका रात्रीत भरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून बीजकेंद्राला (माशांची पिल्लं, म्हणजे बीज, मिळतं तिथे) फोन जातो, "टेम्पो कधी पाठवताय?" पैसे बुडायला सुरुवात होते ती इथून. मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या पाझर तलावांत आणि गावतळ्यांत कटला, रोहू, मृगळ पुन्हा सोडताना प्रत्येक दुष्काळानंतर चुका त्याच होतात. माणसं तेवढी बदलतात.

पहिल्या पाण्यात बीज

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि हिचा पुरावाही मागे राहत नाही, म्हणून कोणी शहाणा होत नाही.

तलाव आटला की गाळपेर, म्हणजे तळाच्या गाळात पेरणी, होते. ज्वारी-हरभऱ्याचे बुडखे, काकडीचे वेल तिथेच राहतात. गुरं चरतात, शेण पडतं, काठाने बेशरम आणि वेडी बाभूळ माजते. हे सगळं पाण्याखाली गेलं की कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. वरून पहिला लोंढा शिवारातली माती, खत, फवारणीचं औषध घेऊन येतो. गढूळ पाणी आणि ढगाळ आभाळ, म्हणजे शेवाळाकडूनही प्राणवायूची भर नाही.

आता डोळ्यासमोर आणा. टेम्पो दुपारी आला, पिशव्या फोडल्या, मासे सळसळत आत गेले, नारळ फुटला, फोटो निघाले. पहाटे पाचला त्याच काठावर बॅटरी घेऊन जा. पाण्याला तोंड लावून मासे हवा गिळताना दिसतील, कान दिला तर बारीक चपचप ऐकू येईल. प्राणवायू सर्वांत कमी असतो तो याच वेळी. आठ वाजता ऊन चढलं की तगलेले खाली जातात. मेलेल्यांतले बहुतेक तळाला बसतात, वर आलेले बगळे उचलतात. दहा वाजता गाव बघायला येतं तेव्हा पाणी शांत. "मासा खोलात गेला," असं एकमेकांना सांगून सगळे घरी जातात आणि मार्चमध्ये जाळं रिकामं आलं की बीजकेंद्राला शिव्या घालतात.

थांबायचं किती? तलाव भरल्यावर निदान तीन ते चार आठवडे. पण दिवस मोजण्यापेक्षा पाणी बघा. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला थर बसून वर निवळ असेल तर तो साधा गाळ, आपोआप बसेल. तसंच चहासारखं राहिलं तर ती काळ्या मातीची चिकण, ती लवकर बसत नाही आणि तोवर पाण्यात माशाचं सूक्ष्म खाद्य तयार होत नाही. पाणी हिरवट झालं की दोरीला पांढरी ताटली बांधून सोडा. ती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी तयार आहे.

तरी शेवटची परीक्षा माशाचीच. मच्छरदाणीच्या कापडाचा हापा (वरून उघडी पेटी) चार काठ्यांना बांधून कमरेएवढ्या पाण्यात लावा, त्यात पन्नास बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडा आणि दोन पहाटा बघा. पंचेचाळीसच्या वर जिवंत असतील तर टेम्पो बोलवा. कोणी प्राणवायू मोजायचं यंत्र घेऊन दुपारी दोनला आकडा दाखवत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पहाटेचा आकडा लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली नको, दुपारच्या आकड्याला अर्थ नाही.

डबक्यातली मरळ

"तलाव पूर्ण आटला होता, आत काय राहणार?" हा दुसरा भ्रम. तलाव पूर्ण क्वचित आटतो. भिंतीजवळ, विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी आणि गाळ काढताना जेसीबीने केलेल्या खड्ड्यांत डबकं राहतं. तिथे कटला-रोहू मरतात. मरळ, म्हणजे लहान मासे खाणारा शिकारी मासा, मरत नाही, ती वर येऊन हवा घेते आणि ओल्या चिखलातही तग धरते. पावसाच्या तोंडाशी तिची वीण होते. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका आणि त्याखाली राखण करणारी जोडी दिसली की समजा, तुमच्या बीजाचे गिऱ्हाईक आधीच हजर आहेत.

हे काम मे संपायच्या आत उरकायचं. आधी इंजिन लावून डबकं उपसा आणि चिखल तुडवून हाताने मरळ काढा. बाजारात तिला कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो, मजुरी निघते. उपसणं शक्य नसेल तिथे मोहाची पेंड. वीस मीटर लांब, दहा रुंद, अर्धा मीटर खोल डबकं म्हणजे शंभर घनमीटर पाणी, त्याला २५ किलो पेंड. रात्रभर भिजवून उन्हात सगळीकडे फेका. तिचा विषारीपणा पंधरा-वीस दिवसांत जातो, पुढे ती खताचं काम करते. पेंड नसेल तर ब्लीचिंग पावडर, तेवढ्याच पाण्याला साडेतीन किलो. तलावाच्या पोटात नळयोजनेची विहीर असेल किंवा गुरं त्याच डबक्यावर येत असतील तर यातलं काहीही टाकू नका, फक्त उपसा करा. आणि पिकावरचं कीटकनाशक ओतू म्हणणाऱ्याला बांधावर फिरकू देऊ नका.

मरळ पूर्ण कधीच निघत नाही. म्हणून सोडायची ती बोटुकली, तीन-चार इंची. इंचभराचं बीज स्वस्त पडतं, "एक लाख सोडले" म्हणून सांगायला बरं वाटतं, आणि ते मरळीचा नाश्ता होतं. दहा हजार बोटुकली त्या लाखापेक्षा जास्त मासा देते.

अडचण वेळेची असते. बीज जुलै-ऑगस्टमध्ये मिळतं आणि आपल्याकडे तलाव भरतात परतीच्या पावसात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा धरण भरलं. त्या वेळी बोटुकली शोधायला निघालं तर मिळेल ते उचलावं लागतं. त्यापेक्षा जुलैमध्येच कोणाचं तरी ३० बाय ३० मीटरचं शेततळं ठरवा, त्यात वीस हजार बीज वाढवा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, पहिल्या आठवड्यात दिवसाला अर्धा किलो, मग मासा वाढेल तसं. दोन-अडीच महिन्यांत बोटुकली तयार. निम्मी जगली तरी सौदा फायद्याचा. आणि तलाव भरलाच नाही तर मासा शेततळ्यात सुरक्षित आहे.

कागदावरचे हेक्टर

तलाव पूर्ण भरला की २० हेक्टर, असं कागदावर असतं. दुष्काळानंतरच्या पहिल्या वर्षी तो अर्धाच भरतो, पाणी पसरतं ९-१० हेक्टरवर, आणि रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की मार्चमध्ये ५ हेक्टर उरतं. बीज मोजायचं ते या पाचावर. खाद्य न घालता हेक्टरी २,००० ते ३,००० बोटुकली, म्हणजे सगळी मिळून १० ते १५ हजार. वीस हेक्टरच्या हिशेबाने ५० हजार सोडली की उन्हाळ्यात पाव किलोचे, मोठ्या डोक्याचे वाळके मासे मिळतात. काठावरच्या शेतकऱ्यांशी उपशाबद्दल बोलणं बीज सोडण्याच्या आधी झालेलं बरं, नंतर भांडण होतं. मासेमारीचा ठेका कोणाच्या नावावर आहे, तेही त्याच बैठकीत बघा.

प्रमाण साधं ठेवा: कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३०. गवत्या मासा पहिल्या वर्षी नको, पाण्यात वनस्पतीच नसते तर तो खाणार काय? सायप्रिनस माशाचा आग्रह खूप जण करतात, कारण तो आपोआप वाढतो. आपोआप वाढतो हीच अडचण आहे. तळ उकरून आधीच गढूळ पाणी तो आणखी गढूळ करतो.

बाकीच्या, थोडक्यात

चुना डोळे झाकून टाकणं. काळी माती मुळात अल्कधर्मी असते. आधी पाण्याचा सामू (पीएच) तपासा, साडेसातच्या वर असेल तर पोती दुकानातच राहू द्या.

गाळ मुरमापर्यंत खरवडणं. पाणी झिरपतं आणि खाद्यही तयार होत नाही. वीतभर गाळ ठेवा, बाभळीचे खुंट मात्र मुळासकट काढा, नाहीतर पुढे प्रत्येक ओढीला जाळं फाटेल.

सांडवा वाहत असताना बीज सोडणं. मासा पाण्याबरोबर निघून जातो. बांबूची तिरपी जाळी चालते, पण पाऊस असेपर्यंत तिच्यातला पालापाचोळा रोज काढायला माणूस हवा. सांडव्यावर बारीक जाळं ताणून बांधणं म्हणजे बंधारा फोडायची तयारी.

पिशवीतलं बीज न बघता घेणं. मूठभर मासे पांढऱ्या घमेल्यात घ्या. डोकं मोठं आणि शेपटीच्या बुडाशी डाग नाही तो कटला. तिथे काळसर आडवा पट्टा आणि ओठाला झालर तो रोहू. सडपातळ, शेपटीपाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा डाग तो मृगळ. पाठीवरचा पर बोटाला काट्यासारखा टोचला आणि अंगावर उभे पट्टे दिसले तर ती चिलापी (तिलापिया). घमेल्यात एक जरी निघाली तरी टेम्पो परत पाठवा, कारण ती एकदा शिरली की तलाव तिचाच.

पिशव्या आल्या आल्या फोडणं. वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि मासा स्वतः बाहेर पडेपर्यंत पिशवी उलटी करू नका. हे सगळं सकाळी नऊच्या आत.

आणि ऐन थंडीत "जरा बघू तरी" म्हणून ओढजाळं टाकणं. शे-दीडशे ग्रॅमच्या माशाचे खवले निघतात, जखमांवर बुरशी चढते आणि तो मरतो. वाढ बघायचीच असेल तर पागाच्या (हाताने फेकायच्या जाळ्याच्या) दोन फेका मारा, दहा मासे तोला, सोडून द्या.