वर्कस्टेशन घ्यायचं का? आधी आठ दिवस आपलं काम तपासा

जळगावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मुलं, सराफ बाजारासाठी दागिन्यांची थ्रीडी डिझाइनं करणारे, घरांचे नकाशे काढणारे, सगळे मला हेच विचारतात: वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा ताकदवान कॉम्प्युटर, घ्यावा का? माझं उत्तर ठरलेलं आहे: दुकानात नंतर जा, आधी वही घ्या.

कॉम्प्युटर अडखळला की त्याच क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कोणता आकडा वर गेलाय ते आठ दिवस लिहून ठेवा. मेमरी सतत 90 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे हीच मेमरी, वाढवा. डिस्क 100 टक्क्यांवर अडकत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसवा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. कर्ज काढण्याआधी एवढं कराच, ही माझी कळकळीची विनंती.

प्रोसेसरचा मामला जरा वेगळा. नकाशे काढायच्या ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच भागावर, चालतं. तिथे 32 कोअर घेतले तर बाकीचे नुसते बसून राहतात. त्यापेक्षा मोजक्या कोअरचा, पण वेगवान प्रोसेसर घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं, म्हणजे डिझाइनचं अंतिम चित्र तयार करायला घेतलं, तर मात्र सगळे कोअर राबतात, किंवा ग्राफिक्स कार्ड.

मग वर्कस्टेशन कोणाला? ज्यांचं रेंडर किंवा गणित रात्र रात्र चालतं, ज्यांना साध्या कॉम्प्युटरमध्ये मावणार नाही एवढी रॅम लागते, एक चुकलेला आकडाही ज्यांना महागात पडतो, त्यांना. त्यातली ईसीसी मेमरी एका बिटची चूक स्वतःच दुरुस्त करते. व्हिडिओ एडिटिंगला साधं गेमिंग कार्ड बहुधा पुरतं.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, आणि 800 वॅट ओढणारं यंत्र तेवढीच उष्णता खोलीत सोडतं. 10 तास चाललं की 8 युनिट वीज, वर एसीची वेगळी. लाइट गेली तर 600 व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. हा खर्च आधीच धरा.

शेवटी, आपली सगळ्यात जड फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तिथल्या मशीनवर ती चालवायला लावा आणि घड्याळ लावून वेळ मोजा.