गोल्फच्या ग्रीनवरचे कोरडे पट्टे कसे घालवले (माझा अनुभव)
बेंटग्रासच्या (अगदी बारीक कापता येणारं गवत) ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, भर उन्हाळ्यात निळसर-करडे पट्टे यायला लागले, पाणी तर रोज चालू होतं, म्हणून कोअर (मातीचा उभा नमुना) काढून बघितला तर वरची माती ठणठणीत कोरडी, पाण्याचा थेंब टाकला तर नुसता वरच बसून राहिला, शोषतच नव्हती. मग बारीक सॉलिड टाइनने (भरीव दात्यांनी) भोकं पाडली, वेटिंग एजंट (मातीत पाणी शिरायला मदत करणारं द्रव्य) मारून लगेच पाण्याने खाली मुरवला, आणि पहाटे हातात पाइप धरून फक्त त्या पट्ट्यांना खोलवर पाणी. मोअरची कापण्याची उंची ३ मिमीवरून ४ वर नेली. दुपारी फक्त हलका शिडकावा, पान गार होण्यापुरता, कारण माती २५ अंशाच्या वर तापली की मुळांची वाढ मंदावते आणि वरून सतत ओलं ठेवलं की पिथियम (बुरशीसारखा, गवत कुजवणारा रोग) येतो, तो खरंच रातोरात ग्रीन खातो. पट्टे भरत आलेत, कडेचे थोडे बाकी आहेत.