स्काय हुक शिकवताना

भुसावळात मे महिन्यात मी पोरांना सहानंतरच बोलावतो. त्याआधी कोर्ट तव्यासारखं तापलेलं असतं.

हुक, म्हणजे बास्केटबॉलात एका हातानं डोक्यावरून टाकायचा शॉट, शिकायचा तर डावा खांदा रिंगकडे करा. डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर. चेंडू उजव्या हातात घेऊन हात कानाजवळून सरळ वर न्या आणि अगदी टोकाला पोचल्यावर मनगट मोडा. पोरं हात आडवा फिरवतात, तिथंच शॉट बिघडतो. मग रिंगखाली एकदा उजव्या, एकदा डाव्या हातानं, चेंडू छातीखाली न आणता वीस वेळा. कंटाळवाणं आहे खरं, पण न्यूयॉर्कच्या लू अल्सिंडरनंही लहानपणी हेच घोटलं. 1967 मध्ये कॉलेज बास्केटबॉलात डंकवर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली, तेव्हा हाच हुक त्याच्या कामी आला. यूसीएलए या विद्यापीठाकडून लागोपाठ तीन विजेतेपदं, 1969 मध्ये मिलवॉकीचा संघ, 1971 मध्ये एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, अजिंक्यपद.

"सर, मग करीम अब्दुल-जब्बार कोण?"

तोच रे भो! 1968 मध्ये इस्लाम स्वीकारला, 1971 पासून जाहीरपणे हे नाव लावलं. वहीत दोन्ही नावं शेजारी लिहा, नाहीतर जुने आकडे वाचताना दोन खेळाडू समजाल.

चला, डावा हात राहिलाय.