एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून फाइल बंद करू नका

व्यसनमुक्ती वॉर्डात नव्याने येणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी बजावते: दारूने यकृत बिघडलंय का हे ओळखायचं तर एसजीपीटीचा (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) रिपोर्ट नंतर बघा, आधी पेशंटला हात पुढे करायला सांगा.

तळवे लालसर आहेत का? छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात का? दंड वाळलेत आणि पोट मात्र फुगलंय का? मग मनगटं मागे वळवून बोटं फाकवायला लावा. दारू थांबल्यावरची थरथर बारीक आणि जलद असते. यकृताच्या बिघाडाचा परिणाम मेंदूवर झाला असेल, तर हात मधूनच गळून पडतो आणि पुन्हा सावरतो, पंख फडफडावा तसा. बरेच हात पाहिल्याशिवाय हा फरक नीट कळत नाही. सोबतच्या माणसाला झोपेबद्दल विचारा. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जाग असेल तर सावध व्हा.

‘किती घेता?’ याचं उत्तर नेहमी ‘थोडीशी’. म्हणून मी मिली आणि बाटलीवरचे टक्के विचारते. 40 टक्क्यांची 180 मिली म्हणजे सुमारे 57 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

आता रक्त. माझा एक पेशंट 48 वर्षांचा. एसजीपीटी 40, त्यामुळे घरचे खूश. पण एसजीओटी, म्हणजे तसंच दुसरं एन्झाइम, 96 होतं, म्हणजे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. दारूने बिघडलेल्या यकृताची ही ठरलेली खूण. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 1 लाख 10 हजार. फिब-4, म्हणजे यकृतावर व्रण पडलेत का याचा अंदाज देणारा आकडा, काढा: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट्स (हजारांत, इथे 110) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. उत्तर 6.6. 1.3 च्या खाली असतं तर मी निश्चिंत झाले असते, 2.67 च्या वर फायब्रोसिसचा (यकृतात व्रण साचण्याचा) दाट संशय. अर्थात नुकत्याच प्यायलेल्या दारूनेही हा आकडा फुगतो, तेव्हा त्यावर निदान ठोकू नका, पुढची तपासणी करा. एसजीओटी 400 च्या पुढे असेल तर दारूखेरीज दुसरं कारण शोधा. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी तर प्रत्येकाचीच करा.

जीजीटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) वाढलं म्हणून पेशंटला घाबरवू नका. ते पिण्याबद्दल जास्त सांगतं, यकृताबद्दल कमी. यकृताचं काम बघायचं तर बिलिरुबिन (कावीळीचं रंगद्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप). या तिघांत जलोदर (पोटात साचलेलं पाणी) आणि मेंदूवरचा परिणाम मिळवला की सिरोसिस किती गंभीर आहे हे सांगणारे चाइल्ड-प्यू गुण निघतात, ‘ए’ सौम्य आणि ‘सी’ सर्वांत गंभीर: 5-6 ‘ए’, 7 ते 9 ‘बी’, 10 ते 15 ‘सी’.

सोनोग्राफी सगळ्यांचीच करा, पण ती साफ आली तरी सुरुवातीचा सिरोसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) नजरेतून सुटू शकतो. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, किमान तीन तास उपाशी ठेवून, आणि शक्यतो दारू बंद होऊन दोनेक आठवडे झाल्यावर करा. सूज असताना यकृत असतं त्याहून कडक मोजलं जातं. मात्र त्यासाठी पेशंटला ‘दारू घरीच सोडून या’ असं कधी सांगू नका. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, ते वॉर्डातच सांभाळायचं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, नवी कावीळ किंवा बरळणं दिसलं, तर स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी भरती.